दार लगेच उघडायचं नाही

सिंगापूरहून कायमची पुण्याला परत आल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. ‘तिकडे काय करत होतात?’ मी म्हणते, ‘हुलाच्या वर्गावर होते.’ की समोरचा बुचकळ्यात. काहींना कमरेभोवती फिरवायची प्लास्टिकची रिंग आठवते, काहींना हॉटेलच्या दारात गवताचा झगा घालून उभी असलेली बाई. परवा सोसायटीतल्या एका मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘या वयात?’ म्हटलं, मावशी, याच वयात! तरुणपणी जमलंच नसतं. तरुणपणी मला दोन मिनिटं गप्प उभं राहता येत नव्हतं.

खोटं नाही सांगत. मी ठाण्याच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. गळ्यात शिट्टी, आवाज असा की चौथ्या मजल्यावरची मुलं तळमजल्यावरच्या ओरड्याला सरळ व्हायची. ती नोकरी सोडून नवऱ्यामागून सिंगापूरला आले. श्रीधरची नोकरी तुआसला, जहाजांच्या कामाची. राहायला पुंगोलमध्ये, नव्या कोऱ्या बिल्डिंगीत, सातव्या मजल्यावर. मुलगी ईशा शाळेत रुळली, नवरा कामात रुळला, आणि माझ्या पासवर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, ठळक अक्षरात छापलेलं होतं: डिपेंडंट. एवढा राग आला होता मला त्या शब्दाचा! पंधरा-पंधराशे पोरांना कवायतीला उभं केलेली बाई मी, आणि इथे कोणाच्या तरी आधारावर म्हणून माझी नोंद.

आमच्या कॉरिडॉरमध्ये मिसेस गो राहायच्या. निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखणाऱ्या पण जिभेला धार. माझं येरझाऱ्या घालणं त्या रोज बघत असणार. एके दिवशी म्हणाल्या, ‘यू, सॅटर्डे, कम विथ मी. हुला.’ मी हसले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सिंगापुरी ‘लाह’चं शेपूट असायचं. ‘डोन्ट लाफ लाह. यू व्हेरी नॉइझी. गुड फॉर यू.’

बुकित तिमाहला तेव्हा एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पोचायची होती, त्यामुळे बस बदलत बदलत गेलो. एका जुन्या काँडोमध्ये, म्हणजे खासगी सोसायटीत, तळमजल्यावर फंक्शन रूम होती. तिचं दार बंद, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आठ-दहा बायका अनवाणी, हात बाजूला सोडून, बंद दाराकडे तोंड करून काहीतरी म्हणत होत्या. गाणं नव्हे, प्रार्थनाही नव्हे. खालच्या आवाजात, लांबलांब, एका सुरात. मिसेस गोसुद्धा चप्पल काढून जाऊन उभ्या राहिल्या. म्हणून झालं. दार बंदच. परत पहिल्यापासून म्हटलं. तरी बंद. मला वाटलं, अगंबाई, किल्ली हरवली! आणि या बिचाऱ्या देवाचा धावा करतायत. मी तडक गेले गेटवर आणि गार्डला बोलावून आणलं. मुथू त्याचं नाव. तोही नवाच लागलेला. ‘डोर जॅम आह?’ म्हणत त्याने भलामोठा जुडगा काढला आणि खटकन दार उघडलं.

आत एक थोराड बाई जमिनीवर मांडी घालून डोळे मिटून बसल्या होत्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा, समोर दोन वाळके भोपळे एकावर एक जोडलेला ढोल. त्यांनी डोळे उघडले, मुथूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की मुथूच्या हातून जुडगा पडला.

ही माझी आणि कुमूंची पहिली भेट. कुमू म्हणजे हुलाचा गुरू. नाव वेगळं होतं, पण त्यांना नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

आता थोडं समजावून सांगते, नाहीतर तुम्ही त्या गवताच्या झग्यातच अडकून राहाल. हुला हा हवाई बेटांवरच्या लोकांचा नाच. पण नाचाच्या आधी तिथे शब्द येतो. डोंगरावरची, पावसावरची, कुण्या राणीवरची पदं तोंडपाठ चालत आलेली. ती म्हणायची आणि अंगाने सांगायची. पद पाठ नसेल तर नाचायचं नाही. अर्थ कळला नसेल तर मुळीच नाही. गुडघे कायम वाकलेले. किती वाकलेले? खुर्चीत बसायला निघालात आणि अर्ध्यात कोणी हाक मारली म्हणून तसेच थांबलात, तेवढे. आता त्याच उंचीवर तासभर हिंडा! लोक म्हणतात, काय कंबर हलवतात. अहो, कंबर कोणी हलवत नाही. काम गुडघे करतात, कंबर आपली जाते मागोमाग. खांदे शांत, डोकं एका पातळीत, नजर हाताबरोबर. पहिल्या शनिवारनंतर मला जिना उतरताना कठडा धरावा लागला. मला! पी.टी.च्या बाईला!

आणि हे सगळं दाराच्या आतलं. खरी मेख दाराबाहेर होती.

पारंपरिक वर्गात तुम्ही नुसतं दार ढकलून आत जाऊ शकत नाही. बाहेर उभं राहून सगळ्यांनी मिळून आत येण्याची परवानगी मागायची. त्याचं एक पद असतं, त्याला आपण मागणं म्हणू. कुमू आतून ऐकतात. पटलं, तर आतून उत्तराचं पद येतं आणि मग दार उघडतं. नाही पटलं, तर काहीच येत नाही. ना ओरडा, ना कारण. नुसतं बंद दार. तुम्ही पुन्हा म्हणायचं.

सुरुवातीला माझं डोकंच फिरलं. सवड काढून, बस बदलून, घामाघूम होऊन आलेल्या बायकांना असं ताटकळत ठेवायचं? एका शनिवारी तर अख्खा वर्ग कॉरिडॉरमध्ये गेला. शेवटी दार उघडलं ते घरी जायची वेळ झाली म्हणून. मी तणतणत म्हटलं, ‘कुमू, आमचं चुकलं काय? शब्द तर बरोबर होते.’ त्या म्हणाल्या, ‘शब्द बरोबर होते. तुम्ही आला नव्हतात.’ मग शांतपणे एकेकीकडे बोट करून सांगितलं: ही अजून ऑफिसात आहे, ही नवऱ्याशी भांडतेय, आणि वासंती, तू सगळ्यांच्या पुढे धावतेयस, तुला बक्षीस हवंय.

बरोबर होतं हो! मला पहिला नंबर हवाच होता.

तेव्हा जी लागले मी मागे, ती लागलेच. दर शनिवारी, मग बुधवारीही. भाजी चिरताना पद, लिफ्टची वाट बघताना गुडघे वाकवून. ईशा म्हणायची, ‘मम्मा, नॉट इन द लिफ्ट! सो एम्बॅरसिंग लाह!’ वर्षभरात कुमूंनी मला हाताशी घेतलं, आणि रीतसर सरकारी परवानगी काढून मी वर्गावर कामालाच लागले. नवशिक्यांचे गुडघे बघणं, हॉल झाडून घेणं, कुंड्या सांभाळणं, फोन घेणं. पुन्हा नोकरी! पहिल्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला. श्रीधर म्हणाला, ‘अगं, कशाबद्दल?’ म्हटलं, गप खा.

कुंड्या का, तर नाचाला फुलापानांच्या माळा लागतात, लेई म्हणतात त्यांना. हवाईत रानात जाऊन पानं आणतात, तीही झाडाला विचारून. सिंगापुरात बागेतलं पान तोडाल तर झाडाच्या आधी दुसरंच कोणीतरी विचारायला येईल. म्हणून आम्ही पानं आपापल्या घरी पिकवायचो. आमचा कॉरिडॉर नेच्यांनी आणि लाल पानांच्या झाडांनी भरून गेला होता. नाच झाला की माळा केराच्या डब्यात टाकायच्या नाहीत, मातीत परत द्यायच्या. बाकीच्यांना हे समजावून सांगावं लागलं. मला कशाला सांगायला हवं? निर्माल्य डब्यात टाकलं तर आईने माझा हात धरला असता.

फोनवर एकेक नग भेटायचे. इव्हेंट करणारी एक मुलगी: ‘सहा जणी हव्यात, गवताचे स्कर्ट, नारळाच्या करवंट्या, शुक्रवारी.’ मी म्हटलं, करवंट्या आम्ही चटणीनंतर टाकून देतो. आपल्या गणपतीच्या कार्यक्रमाचे एक काका, अगदी गोड बोलणारे: ‘वासंतीताई, पाचच मिनिटं, फक्त गाणं आपलं मराठी घ्या, म्हणजे पब्लिक उठेल.’ पब्लिक उठेल की उठून जाईल, ते मी विचारलं नाही. आणि एक पुण्याचे आयटी मॅनेजर, ताण कमी करायला आलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘मॅडम, कोर्सच्या शेवटी मला नक्की काय येत असेल?’ मी म्हटलं, दाराबाहेर उभं राहता येत असेल. तीन शनिवार उभे राहिले बिचारे, मग त्यांना अचानक मीटिंगा लागल्या. पण जाताना मिसेस गोंना म्हणाले म्हणे, की इतका वेळ फोन न बघता मी गेल्या कित्येक वर्षांत राहिलो नव्हतो. मला तेव्हा वाईट वाटलं. मी जरा कमी फटकळ असते तर टिकले असते.

कुमू कधी कधी नाच थांबवून काहीतरी विचारायच्या. त्यांच्या बेटांवर म्हणे प्रत्येक खोऱ्यातल्या वाऱ्याला स्वतंत्र नाव. आपण म्हणतो, वारं सुटलंय. झालं. एकदा त्यांनी विचारलं, ‘इथल्या वाऱ्याचं नाव काय?’ आमच्या वर्गातली प्रज्ञा म्हणाली, ‘एसी.’ हशा पिकला. पण मिसेस गो म्हणाल्या, ‘सुमात्रा लाह. पहाटे समुद्रावरून येतो, दोरीवरचे कपडे घेऊन जातो, सकाळी ऑफिसला जायच्या आत संपतो.’ कुमूंना इतका आनंद झाला! त्या दिवशी आम्ही धडा सोडून सुमात्रा वाऱ्याचे हात बसवले. अशा दिवशी घरी जाताना एलआरटीच्या छोट्या गाडीतसुद्धा माझे पाय जमिनीवर नसायचे.

प्रज्ञाबद्दल सांगायला हवं. नागपूरची पोरगी, जीवशास्त्रात संशोधन करणारी, मला ताई म्हणायची. लहानपणापासून विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणायची सवय. त्यामुळे समूहात श्वास कुठे घ्यायचा, दुसऱ्यासाठी कुठे थांबायचं, हे तिला आमच्या कितीतरी आधी उमगलं होतं. आमच्या मागण्याचा कणा तिचाच आवाज होता.

आणि मग एका शनिवारी कुमूंनी बॉम्ब टाकला. त्यांच्या नवऱ्याचं इथलं काम संपत आलं होतं. वर्ष संपायच्या आत ते दोघं बेटावर परतणार होते.

‘मग वर्ग?’ मी विचारलं.

‘बाहेर उभ्या राहणाऱ्या पुष्कळ आहेत,’ कुमू म्हणाल्या. ‘आत बसणारं कोणी असेल तर वर्ग राहील. नसेल तर माझ्याबरोबर बंद.’

वासंती, पुढच्या शनिवारी तू आत, असंही म्हणाल्या. मी कुमू होणार नव्हते, बरं का. त्याला अर्धं आयुष्य लागतं, आणि ते माझ्या नशिबात नाही. वर्ग सांभाळायची परवानगी, एवढंच. पण माझ्यासाठी ते एवढंच नव्हतं. त्या देशात माझं म्हणावं असं काय होतं? घर नवऱ्याच्या पासवर, ओळख मुलीच्या शाळेतली. हा वर्ग तेवढा माझा. तो मिटला की मी पुन्हा डिपेंडंट! रात्रंदिवस मी उत्तराचं पद घोकलं. झोपेत उठवलं असतं तरी म्हटलं असतं.

शनिवार आला. मी आत, मांडी घालून, इपू समोर. इपू म्हणजे तोच भोपळ्यांचा ढोल, तंबोऱ्याच्या भोपळ्याचा चुलतभाऊच. कुमू बाहेर, बायकांच्या मागे जाऊन उभ्या. मागणं सुरू झालं. दाराला खाली फट होती, तिच्यातून मला पाय दिसत होते. मिसेस गोंचे सुजलेले गुडघे डोळ्यासमोर आले. प्रज्ञा तेव्हा सात महिन्यांची गरोदर, पायांना ही एवढी सूज. बाहेर पंखा नाही. आणि मी इथे एसीत बसून त्यांची परीक्षा घेतेय? मला बसवेना. मागणं निम्म्यावर असतानाच मी उठले, दार सताड उघडलं आणि चक्क मराठीत म्हणाले, ‘या, या, आत या! उभ्या का बाहेर?’

प्रज्ञाला हसू आवरेना. कुमू मात्र हसल्या नाहीत. सगळ्यांना घरी पाठवलं आणि मला समोर बसवलं.

‘का उघडलंस?’

‘दारात माणसं उभी होती, कुमू! आमच्याकडे दारातल्या माणसाला असं ठेवत नाहीत. आधी आत घेतात, मग काय ते विचारतात.’

‘चांगली रीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्या काहीतरी मागत होत्या, आणि तू त्यांना मागू दिलं नाहीस. आतल्या माणसाला एकच काम असतं. ऐकायचं. तू ऐकलंस का? आज तिथे कोणाचा आवाज नव्हता?’

मी तर फटीतले पायच बघत बसले होते.

बसमध्ये मी रडले. भर दुपारी, खिडकीशी बसून. मिसेस गोंनी पुढ्यात टिश्यू धरला.

मग मी ऐकायचा सराव सुरू केला. कसा करणार? श्रीधरला धरलं. म्हटलं, तुआसहून आलास की बेल वाजवायची नाही, बाहेर उभं राहून चार ओळी म्हणायच्या, मी आतून ऐकणार. पहिल्या दिवशी म्हणाला तो. दुसऱ्या दिवशी बाहेरून आवाज आला, ‘अगं उघड, बाथरूमला जायचंय!’ म्हटलं, हे मागणं मात्र अगदी मनापासून होतं. उघडलं. पण गंमत सोडा, हळूहळू मला कळायला लागलं. ‘उघड गं’ या दोन शब्दांतच कळायचं, आज साहेबाशी वाजलंय की काम फत्ते झालंय. ईशा दप्तर कसं टाकते त्यावरून पेपर कसा गेला ते समजायला लागलं. इतकी वर्षं मी शिट्टीच वाजवत होते. ऐकलं कधी होतं?

कुमूंनी पुन्हा एकदा आत बसवलं. या वेळी मी फटीकडे पाठ केली आणि डोळे मिटले. मागणं सुरू झालं आणि मला लगेच जाणवलं, कणा नाही. प्रज्ञा म्हणत होती, शब्द येत होते, पण ओळीचं शेपूट, शेवटचा लांबवायचा सूर, प्रत्येक वेळी सुटत होतं. तिचं कधीच सुटत नसे. मी उत्तर दिलं नाही. जीव तुटत होता माझा, पोटुशी पोर बाहेर उभी. पुन्हा म्हटलं त्यांनी. पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा सुरू झालं आणि मध्येच थांबलं, आणि मला हुंदका ऐकू आला.

प्रज्ञाचं काँट्रॅक्ट पुढे वाढणार नव्हतं. काँट्रॅक्ट गेलं की पास गेला, पास गेला की देश सोडायचा, आणि बाळ तर येऊ घातलेलं. दोन आठवडे हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या कॉरिडॉरमध्ये, बंद दारासमोर, तिने ते सगळ्यांना सांगितलं. मी सगळं आतून ऐकत होते. उठून दार उघडावं, तिला पोटाशी धरावं असं वाटून हात शिवशिवत होते. मी हातांवर बसले, अक्षरशः! बाहेर बराच वेळ कुजबुज, नाक ओढणं, मिसेस गोंचं ‘नेव्हर माइंड, नेव्हर माइंड’. मग मागणं पुन्हा सुरू झालं, हळू, सगळ्या तिच्या आवाजाभोवती गोळा झालेल्या. ओळीचं शेपूट आता सगळ्यांनी मिळून धरलं होतं. माझ्या तोंडून उत्तर कधी सुटलं मला कळलंच नाही.

त्या दिवशी दार आधी उघडलं असतं, तर प्रज्ञाने डोळे पुसून, हसून, नाचून, गुपचूप घर गाठलं असतं. पुढे मिसेस गोंच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने तिला दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, तो भाग वेगळा. तिच्या डोहाळजेवणाला आम्ही लेई केली, दोन्ही टोकं मोकळी सोडलेली. गरोदर बाईच्या गळ्यात बंद माळ घालत नाहीत ना त्यांच्यात. नागपूरहून आलेल्या तिच्या आईला ते फार आवडलं.

मला वाटलं, झालं, पास झाले. पण कुमू काही बोलेनात. सामान बांधायला सुरुवात झाली, तरी बोलेनात. विचारायची माझी छाती नव्हती.

शेवटचा शनिवार आला. आम्ही माळा, खाणंपिणं घेऊन गेलो. मुथू गेटवरून खास भेटायला आला होता. कुमू म्हणाल्या, ‘आज सगळ्या आत. वासंती इपूवर. बाहेर मी एकटी.’ आणि चप्पल काढून बाहेर गेल्या. दार लागलं.

मग तो आवाज आला. काय आवाज होता तो! कॉरिडॉर भरून जावा असा, एक शब्द इकडचा तिकडे नाही, श्वास जिथल्या तिथे. कितीतरी शनिवार जो आवाज आम्हाला आतून उत्तर द्यायचा, तो आज बाहेरून मागत होता. सगळ्यांच्या अंगावर काटा. मागणं संपलं.

मी तोंड उघडलं, आणि थांबले.

मागतच नव्हत्या त्या. मी डोळे मिटून ऐकलं होतं आणि मला स्वच्छ कळलं होतं. घरच्या मालकिणीने बेल वाजवावी तसं होतं ते. दार आपलंच आहे, उघडणारच आहे, अशा खात्रीने.

मिसेस गोंनी मला कोपर मारलं. ‘वासंती! ओपन लाह! दॅट्स कुमू!’ प्रज्ञा कुजबुजली, ‘ताई, अहो ताई...’ मांडीवर बाळ घेऊन बसली होती ती. आणि माझ्या आत काय चाललं होतं म्हणून सांगू! दारात गुरू उभी. साठी उलटलेली बाई, अनवाणी, निरोपाच्या दिवशी. माझ्या सगळ्या पूर्वजांनी मिळून मला दाराकडे ढकललं असेल. आणि माझं चुकत असेल तर? मला नुसताच भास झाला असेल तर? वर्ग तर जाईलच, वर त्यांचा शेवटचा दिवस मी नासवला असं होईल. उठले मी. कडीपर्यंत हात गेला. कडी थंडगार लागली, अजून आठवते.

बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला आणि मुथूचा आवाज आला, ‘मॅडम, की?’

‘नो, मुथू,’ कुमू म्हणाल्या. ‘नॉट येट.’

मी परत जाऊन बसले.

पुष्कळ वेळ नुसती एसीची घरघर, बाळाचं चुळबुळणं. मग मागणं पुन्हा सुरू झालं, आणि सुरुवातीला मला तो आवाज ओळखूच आला नाही. लहान होता. पहिल्या ओळीनंतर एक श्वास मोठ्याने ऐकू आला. दुसऱ्या ओळीत आवाज कापला, सावरला, पुन्हा कापला. या हॉलमधून निघून जाणारी बाई विचारत होती, की उद्यापासून या गावात माझं काही असेल का, मला कोणी आत घेईल का. मला माझाच पुंगोलमधला पहिला महिना आठवला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मी ते पुसलं नाही, कारण ऐकायचं होतं. शेवटची ओळ संपली. शेपूट कुठेही सुटलं नाही.

मी उत्तर दिलं. पहिला शब्द घोगरा निघाला, मग आवाज उभा राहिला. माझा, ठाण्याच्या मैदानावरचा आवाज! मागून सगळ्यांनी धरला. प्रज्ञाने दार उघडलं.

कुमू उंबऱ्यात उभ्या होत्या. डोळे लाल. मुथूसुद्धा टोपी काढून उभा. मला वाटलं, आता मिठी मारतील, शाब्बास म्हणतील, काहीतरी म्हणतील. पण त्या आत आल्या, मान लववली, माझ्या शेजारून, सगळ्यांच्या शेजारून चालत गेल्या आणि सगळ्यात मागच्या रांगेत, कोपऱ्यात, जिथे नवशिक्यांना उभं करायचो तिथे जाऊन उभ्या राहिल्या. गुडघे वाकवले. नजर माझ्याकडे लावली.

नाच सुरू करायच्या आधी इपूवरचं माणूस तयार व्हायची हाक देतं आणि सगळ्यांनी ‘आए’ म्हणायचं असतं. हो, आहोत तयार.

मी इपू पुढे ओढला. हात भोपळ्यावर टेकवला आणि हाक दिली.

सगळ्यात मोठं ‘आए’ मागच्या रांगेतून आलं.